स्वायत्ततेचा जमाखर्च : फेरो बेटांच्या एका अर्थमंत्र्याची कारकीर्द

उत्तर अटलांटिक महासागरात स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या दरम्यान अठरा बेटांचा एक समूह आहे. फेरो बेटे या नावाने तो ओळखला जातो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या एक चतुर्थांशाहून थोडे अधिक. लोकसंख्या सुमारे ५४ हजार. जमीन खडकाळ, वारा सततचा आणि शेती नाममात्र. मेंढ्यांचे कळप आणि भोवतालचा समुद्र यांवर या लोकांनी शतकानुशतके निर्वाह केला. बेटे डेन्मार्कच्या राज्याचा भाग असली तरी त्यांचे विधिमंडळ, मंत्रिमंडळ, ध्वज आणि करव्यवस्था स्वतंत्र आहेत.

१९९२ च्या ऑक्टोबर महिन्यात या बेटांतील एक प्रमुख बँक बुडण्याच्या बेतात आली आणि डेन्मार्कच्या शासनाला धावून यावे लागले. २००८ च्या ऑक्टोबर महिन्यात याच बेटांनी आर्थिक संकटात सापडलेल्या आइसलँड या सार्वभौम राष्ट्राला ३० कोटी क्रोनर कर्जाऊ देण्याची तयारी दाखविली. या दोन घटनांमध्ये अवघ्या सोळा वर्षांचे अंतर आहे. पहिल्या संकटाच्या वेळी मंत्रिमंडळात असलेले आणि दुसऱ्या प्रसंगी अर्थमंत्रिपदावर असलेले गृहस्थ एकच होते : श्री. योआन्नेस आयदेसगोर. स्वायत्त प्रदेशाचा अर्थमंत्री नेमके काय करू शकतो आणि त्याचे हात कोठे बांधलेले असतात, हे त्यांच्या कारकिर्दीवरून चांगले समजते.

१९४८ चा कायदा आणि अर्थखात्याचे अधिकार

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने डेन्मार्क व्यापले आणि फेरो बेटांवर ब्रिटिश सैन्य उतरले. युद्धाची पाच वर्षे बेटांनी आपला कारभार बव्हंशी स्वतःच चालविला. १९४६ मध्ये घेण्यात आलेल्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने अगदी निसटता कौल मिळाला. परंतु तो अमलात आला नाही. वाटाघाटींअंती १९४८ मध्ये स्वशासनाचा कायदा संमत झाला. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व चलन हे विषय डेन्मार्ककडे राहिले. कर, मत्स्यव्यवसाय, व्यापार, स्थानिक संस्था यांसारखे विषय ‘लोगतिंग’ या बेटांच्या विधिमंडळाकडे आले.

या वाटणीमुळे तेथील अर्थमंत्र्याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण झाले आहे. फेरो बेटांच्या नोटा वेगळ्या छापल्या जातात. परंतु त्यांचे मूल्य डॅनिश क्रोनइतकेच असते. म्हणून चलनाचे अवमूल्यन करणे किंवा व्याजाचे दर ठरविणे हे उपाय अर्थमंत्र्याच्या हाती नाहीत. मासळीचा भाव जागतिक बाजारात ठरतो. मालाच्या निर्यातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मासळीचा असल्यामुळे त्या भावाची भरती-ओहोटी थेट तिजोरीपर्यंत पोहोचते. अर्थमंत्र्याकडे उरतात ती तीन साधने : कर, खर्च आणि कर्ज. या तिन्हींचा मेळ त्याला घालावा लागतो. त्यात चूक झाली तर ती झाकण्यासाठी अन्य साधन नसते.

अनुदानाची दोन रूपे

या तीन साधनांच्या जोडीला एक चौथा प्रवाह होता, तो डेन्मार्ककडून येणाऱ्या अनुदानाचा. त्याचे स्वरूप १९८८ मध्ये बदलले. त्यापूर्वी आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण अशा ठरावीक बाबींवर बेटांनी केलेल्या खर्चाचा काही हिस्सा डेन्मार्क परत करीत असे. अशा पद्धतीत खर्च जितका अधिक, तितकी प्रतिपूर्तीही अधिक. काटकसर करणाऱ्याला तिचा पूर्ण लाभ मिळत नाही आणि कोणत्या कामाला अग्रक्रम द्यावयाचा हे गरजेपेक्षा प्रतिपूर्तीच्या नियमावर ठरू लागते. १९८८ पासून त्याऐवजी एकठोक वार्षिक रक्कम देण्यात येऊ लागली. ती कशी खर्च करावी हे लोगतिंगने ठरवावे आणि अधिक खर्च झाल्यास तो आपल्या तिजोरीतून भागवावा, असे नवे सूत्र होते.

निर्णयाचे स्वातंत्र्य वाढले, तशी जबाबदारीही वाढली. परंतु ही जबाबदारी पेलण्याची सवय लागण्यापूर्वीच बेटांवर संकट कोसळले.

हमीचे कर्ज कसे होते

१९७७ मध्ये बेटांभोवती दोनशे सागरी मैलांचे मासेमारी क्षेत्र जाहीर झाले. त्यानंतरच्या दशकात नव्या बोटी, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने, बंदरे, रस्ते आणि बोगदे यांची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. जवळजवळ प्रत्येक गावाला आपला कारखाना आणि आपला धक्का हवा होता. यांपैकी बराच पैसा परदेशांतून कर्जाने आला. बोटी घेणाऱ्यांना शासनाकडून अर्थसाहाय्य आणि कर्जाला हमी मिळे. मासळीच्या भावालाही शासकीय आधार होता.

हमी देताना तिजोरीतून एकही पैसा बाहेर जात नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात ती खर्च म्हणून दिसत नाही आणि विधिमंडळात तिच्यावर फारशी चर्चा होत नाही. धंदा चालतो आहे तोवर ती कागदावरच राहते. धंदा बसला की कर्ज देणारा हमीदाराकडे येतो. फेरो बेटांवर असेच घडले. बोटींची संख्या समुद्रातील मासळीच्या मानाने फार झाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॉड व अन्य मासळीची पकड घटली, भावही उतरले आणि वर्षानुवर्षे दिलेल्या हमींचे रूपांतर प्रत्यक्ष देण्यात होऊ लागले.

ऑक्टोबर १९९२ मध्ये मत्स्यव्यवसायाला कर्ज देणारी बँक अडचणीत आली. डेन्मार्कच्या मदतीने एक खास वित्तपुरवठा निधी स्थापून तिला भांडवल पुरविण्यात आले. पाठोपाठ दुसऱ्या मोठ्या बँकेची वेळ आली आणि १९९४ मध्ये दोन्ही बँका एकत्र करण्यात आल्या. मदतीबरोबर कडक अटी आल्या. सार्वजनिक खर्च व कर्मचाऱ्यांचे वेतन यांत कपात झाली. १९९३ मध्ये मूल्यवर्धित कर लागू झाला. १९८९ ते १९९३ या काळात बेटांचे एकूण उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले. काम करू शकणाऱ्या दर पाच व्यक्तींपैकी सुमारे एक बेकार होती. पुष्कळ कुटुंबे घरे बंद करून डेन्मार्कला निघून गेली. १९८९ मध्ये सुमारे ४८ हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या १९९५ पर्यंत ४४ हजारांच्याही खाली आली. जे गेले त्यांत तरुणांचे प्रमाण मोठे होते आणि गावोगावच्या शाळांना याची झळ प्रथम जाणवली.

शिक्षक ते अर्थमंत्री

श्री. आयदेसगोर यांचा जन्म १९ एप्रिल १९५१ रोजी त्वोरोयरी येथे झाला. सर्वांत दक्षिणेकडील सुदुरोय बेटावरचे हे गाव. राजधानी तोर्शहाव्न येथे जावयाचे तर तेथून सुमारे दोन तासांचा सागरी प्रवास करावा लागतो. मासेमारीच्या भरभराटीचे दिवस या गावाने पाहिले आणि ती ओसरल्यावर येणारे रितेपणही पाहिले. श्री. आयदेसगोर यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले. १९९० मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते लोगतिंगवर निवडून आले.

मंत्रिमंडळात प्रथम त्यांच्याकडे समाजकल्याण व आरोग्य या विषयांची जबाबदारी आली. संकटाच्या काळात या खात्यापुढील पेच उघड होता. बेकारी वाढल्यामुळे साहाय्य मागणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि ते देण्यासाठी लागणारा पैसा आटत होता. याच काळात, जानेवारी १९९३ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या श्रीमती मारिटा पेटरसन या बेटांच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्याही पेशाने शिक्षिका होत्या. कपातीचे अप्रिय निर्णय या मंत्रिमंडळाला घ्यावे लागले आणि १९९४ च्या निवडणुकीत मतदारांनी पक्षाची सदस्यसंख्या दहावरून पाचवर आणली.

निवडणुकीनंतर श्री. एडमंड योएनसन यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त मंत्रिमंडळ बनले आणि त्यात श्री. आयदेसगोर यांच्याकडे अर्थखाते आले. १९९६ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. पुनर्रचनेचा हा काळ होता. १९९४ मध्ये संमत झालेल्या शासनपद्धतीविषयक कायद्याने प्रत्येक मंत्री आपल्या खात्याच्या कारभारास व्यक्तिशः उत्तरदायी ठरला. त्यापूर्वी निर्णय सामूहिक मानले जात. सामूहिक निर्णयात कोणत्या मंजुरीस कोण जबाबदार, हे नंतर सांगणे कठीण जाते. हमींच्या बाबतीत त्याचा अनुभव बेटांनी घेतलाच होता.

याच सुमारास उत्पन्नाच्या मुळाशी असलेल्या मासेमारीचीही व्यवस्था लावण्यात आली. १९९४ मध्ये प्रत्येक बोटीने किती टन मासळी पकडावी याची मर्यादा ठरविण्यात आली. परंतु मर्यादेबाहेरची मासळी मेलेल्या स्थितीत समुद्रात फेकून दिली जाऊ लागली. म्हणून १९९६ मध्ये टनांऐवजी दिवसांची मर्यादा आली. बोटींच्या प्रत्येक गटाला वर्षातून किती दिवस मासेमारी करता येईल ते ठरवून देण्यात आले आणि जाळ्यात येईल ते किनाऱ्यावर आणण्याची मुभा राहिली. ही पद्धत निर्दोष नव्हती. मासळीच्या साठ्यावरील ताणाबद्दल शास्त्रज्ञांनी पुढेही इशारे दिले. तथापि अर्थसाहाय्याच्या बळावर बोटी वाढवीत जाण्याच्या धोरणाला आळा बसला.

कोपनहेगन आणि परत

१९९६ मध्ये श्री. आयदेसगोर पक्षाचे अध्यक्ष झाले. १९९८ ते २००१ या काळात ते डेन्मार्कच्या संसदेचे सदस्य होते. फेरो बेटांना तेथे दोन जागा आहेत. बँकांच्या व्यवहाराबाबत डेन्मार्कने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर झालेल्या समझोत्याने बेटांवरील कर्जाचा भार हलका झाला.

याच काळात बेटांच्या मंत्रिमंडळाने पूर्ण सार्वभौमत्वासाठी डेन्मार्कशी बोलणी सुरू केली. श्री. आयदेसगोर यांचा पक्ष तेव्हा विरोधी बाजूस होता. २००० मधील या वाटाघाटी अडल्या त्या अनुदानाच्या प्रश्नावर. अनुदान पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद व्हावे, अशी बेटांची मागणी होती. डेन्मार्कने चार वर्षांची मुदत सांगितली. नियोजित सार्वमत रद्द करावे लागले. पुढे २००२ पासून वार्षिक अनुदानात ३६ कोटी ६० लाख क्रोनरची कपात करण्यात आली आणि ते ६० कोटी क्रोनरच्या थोडे वर स्थिरावले. ध्वज, भाषा आणि इतिहास यांबद्दल दुमत नसलेल्या या प्रदेशात राजकीय भवितव्याची चर्चा अखेर अंदाजपत्रकातील एका रकमेपाशी येऊन थांबली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पंतप्रधानपदाची साडेचार वर्षे

फेब्रुवारी २००४ मध्ये श्री. आयदेसगोर पंतप्रधान झाले. त्यांच्या कारकिर्दीत, २००५ मध्ये, दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने कोणते विषय केव्हा आपल्याकडे घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार बेटांना मिळाला. मात्र विषय घेतला की त्याचा खर्चही बेटांनीच सोसावा, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. दुसऱ्याने आपल्या अखत्यारीतील विषयांपुरते परराष्ट्रांशी करार करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी आइसलँडशी मुक्त व्यापाराचा करार झाला. डेन्मार्क १९७३ पासून युरोपीय समुदायात असले तरी फेरो बेटे त्याबाहेर राहिली आहेत. म्हणून असे करार त्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरतात.

२००६ मध्ये उत्तरेकडील बेटांना जोडणारा ६.३ किलोमीटर लांबीचा समुद्राखालील बोगदा खुला झाला. त्याचा खर्च वापरणाऱ्यांकडून पथकर घेऊन वसूल करण्याची व्यवस्था ठेवण्यात आली. २००७ मध्ये १९९२ च्या निधीकडे असलेल्या बँकेचे बहुसंख्य भाग खुल्या बाजारात विकण्यात आले आणि संकटकाळी घातलेल्या सार्वजनिक पैशाचा मोबदला मिळाला. दशकाच्या आरंभी रोगराईने ग्रासलेला सामन मत्स्यशेतीचा धंदा २००३ च्या कडक आरोग्यनियमांनंतर पुन्हा उभारी धरू लागला. बेकारी जवळजवळ नाहीशी झाली आणि गेलेली लोकसंख्या भरून निघाली.

२००८ च्या निवडणुकीनंतर त्यांनी वेगळ्या पक्षांसह मंत्रिमंडळ बनविले. पण ते काही महिन्यांतच कोसळले. सप्टेंबर २००८ मध्ये श्री. काय लेओ योहानसन पंतप्रधान झाले आणि श्री. आयदेसगोर पुन्हा अर्थमंत्री झाले. पंतप्रधानपद भूषविलेल्या व्यक्तीने दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली खाते सांभाळण्याचा हा प्रसंग होता.

शेजाऱ्याला हात

पुढच्या दोन आठवड्यांत आइसलँडमधील तिन्ही मोठ्या बँका कोलमडल्या. सव्वातीन लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशाला कर्ज मिळणे दुरापास्त झाले. मोठी राष्ट्रे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या निर्णयाची वाट पाहत होती. अशा वेळी ऑक्टोबरच्या अखेरीस फेरो बेटांनी ३० कोटी क्रोनरचे कर्ज देऊ केले. लोगतिंगमधील सर्व पक्षांचा त्यास पाठिंबा होता. बेटांच्या त्या वेळच्या लोकसंख्येचा विचार करता ही रक्कम दरडोई सहा हजार क्रोनरहून अधिक होते. आइसलँडच्या एकूण गरजेच्या मानाने ती अल्प होती. तथापि ती वेळेवर आली आणि तिच्यामागील भावना आइसलँडच्या जनतेला भिडली.

हे औदार्य शक्य झाले ते संकटानंतरच्या वर्षांत कर्ज फेडून तिजोरीत राखीव रक्कम साठविल्यामुळे. १९९२ मध्ये डेन्मार्ककडे पाहणाऱ्या बेटांजवळ २००८ मध्ये शेजाऱ्याला देण्याइतकी शिल्लक होती.

अखेरची कसोटी

अर्थमंत्रिपदाची ही दुसरी कारकीर्द सुखाची ठरली नाही. जागतिक मंदीमुळे मासळीचे भाव पडले, करांचे उत्पन्न घटले आणि अंदाजपत्रकात तूट येऊ लागली. सप्टेंबर २०१० च्या अखेरीस आइक बँक कोसळली. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या बचत बँकेचा वारसा सांगणारी ही संस्था डेन्मार्कमधील स्थावर मालमत्तेवर दिलेल्या कर्जांत अडकली होती. डेन्मार्कच्या वित्तीय स्थैर्य यंत्रणेने तिचा ताबा घेतला आणि २०११ मध्ये फेरो बेटांतील एका विमा कंपनीने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला.

अठरा वर्षांपूर्वीच्या तुलनेत परिणाम मात्र मर्यादित राहिला. लोकांच्या ठेवी सुरक्षित राहिल्या आणि कुटुंबांचे लोंढे बेटे सोडून गेले नाहीत. बँक बुडाली ती तिच्या स्वतःच्या व्यवहारामुळे. शासनाच्या हमींचे ओझे या वेळी तिच्यासोबत बुडाले नव्हते. फेब्रुवारी २०११ मध्ये श्री. आयदेसगोर यांनी पद सोडले आणि अर्थखाते श्री. अक्सेल योहानसन यांच्याकडे गेले. पुढे तेही पंतप्रधान झाले.

स्थानिक संस्था आणि स्वतःचे उत्पन्न

फेरो बेटांच्या आर्थिक घडीत स्थानिक संस्थांचा वाटा मोठा आहे. एके काळी सुमारे पन्नास असलेल्या नगरपालिका व ग्रामसंस्थांची संख्या विलीनीकरणामुळे तीसच्या आत आली आहे. प्रत्येक संस्था आपल्या रहिवाशांच्या उत्पन्नावरील कराचा दर स्वतः ठरविते. वसुली मध्यवर्ती कर कार्यालय करते. दर ठरविण्याचा आणि त्याबद्दल मतदारांना उत्तर देण्याचा भार मात्र स्थानिक सभासदांवर असतो. शाळेची दुरुस्ती करावयाची की धक्का बांधावयाचा, हा निर्णय घेताना पैसा शेजाऱ्याच्या खिशातून येणार आहे हे सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक असते.

श्री. आयदेसगोर यांच्या कारकिर्दीत यशाबरोबर अपयशही आहे. त्यांच्या काळात तूटही आली आणि मंत्रिमंडळेही मोडली. बेटांचा सावरण्याचा मार्गही केवळ एका व्यक्तीने आखलेला नव्हता. मासळीचे पुन्हा वाढलेले उत्पादन, डेन्मार्कशी झालेला समझोता आणि भिन्न मतांच्या पक्षांनी घेतलेले कठोर निर्णय यांचा त्यात वाटा आहे. परंतु दोन दशकांच्या या वाटचालीतून काही गोष्टी निश्चितपणे पुढे येतात. हमी ही देण्याची नोंद आहे, असे समजूनच ती मंजूर करावी. अनुदान एकठोक असो वा प्रतिपूर्तीचे, त्याच्या आधारावर कायमचा खर्च वाढवू नये. बरकतीच्या वर्षी शिल्लक टाकावी; कारण मंदीच्या वर्षी स्वायत्त प्रदेशाला नोटा छापता येत नाहीत. आणि प्रत्येक मंजुरीखाली कोणाची सही आहे, हे नोंदीत राहावे.

पंचायत समितीचे किंवा ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक तयार करताना हेच प्रश्न लहान प्रमाणात आपल्या सभासदांसमोर व अधिकाऱ्यांसमोर येतात. आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा करावा, घरपट्टी व पाणीपट्टीची वसुली किती नेटाने करावी, आज बांधलेल्या वास्तूची देखभाल उद्या कोणत्या पैशातून करावी, यांची उत्तरे प्रत्येक गावाला आपल्या परिस्थितीनुसार शोधावी लागतात. फेरो बेटांना ती संकटाची किंमत मोजून सापडली. संकट येण्यापूर्वीच ती शोधता आली तर तेथील लोकांनी भोगलेली ती पाच-सात वर्षे अन्य कोणाच्या वाट्यास येण्याचे कारण उरणार नाही.